चेहरा राहिला, नाव गेले

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढच्याच वर्षी त्याने पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांचे भव्य चित्र केले. अठरा वर्षांचा पेशवा, शेजारी नाना फडणीस, मागे सेवक. हे चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. चित्रातला माणूस कोण, तो कधी जन्मला, त्याचा शेवट कसा झाला, हे पाहणाऱ्याला विचारता येते आणि उत्तरही मिळते. पेशव्याला व्यक्ती म्हणून रंगवले गेले होते.

पुढे पाव शतकाने, १८१८ मध्ये, खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला. त्यानंतरच्या काळात सातपुड्यातल्या आणि तापीकाठच्या माणसांचीही चित्रे निघाली, छायाचित्रे निघाली, लिथोग्राफ छापले गेले. त्यांतल्या माणसांविषयी असे काही विचारता येत नाही. चेहरा स्पष्ट आहे, हातातले धनुष्य स्पष्ट आहे, कमरेचे वस्त्र, गळ्यातली माळ, पायातले कडे सगळे स्पष्ट आहे. खाली मात्र एकच शब्द असतो : भिल्ल. माणसाचे नाव नाही, गाव नाही, वय नाही. वसाहतकाळात चित्रकलेकडून माणसांची वंशवार वर्गवारी कशी करून घेतली गेली, याचे मर्म या फरकात आहे. ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत, त्या नंदुरबारने तरी हा इतिहास दूरचा मानू नये.

ही पद्धत इंग्रजांनी सुरू केली नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात ती त्यांच्याआधी पोचली होती. १५४० च्या सुमारास पोर्तुगीजांसाठी तयार झालेला शहात्तर जलरंगचित्रांचा एक संग्रह रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयात आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून चीनपर्यंतचे लोक त्यात बहुतेक जोडीजोडीने उभे आहेत, एक पुरुष, एक स्त्री, आणि वर पोर्तुगीजमध्ये ओळख. चित्रशैली पाहता हात भारतीय कलावंताचा असावा, असे अभ्यासक मानतात. १५८३ पासून पाच वर्षे गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाचे प्रवासवर्णन १५९६ मध्ये छापले गेले, तेव्हा त्यातल्या कोरीव चित्रांमुळे गोव्याचे लोक युरोपच्या घराघरांत पोचले. एका पुरुषाने साऱ्या पुरुषांचे आणि एका स्त्रीने साऱ्या स्त्रियांचे प्रतिनिधित्व करायचे, हा संकेत तिथे पक्का झाला.

या संकेताचे सर्वांत उघड रूप अठराव्या शतकातल्या मेक्सिकोत दिसते. तिथे ‘कास्ता’ चित्रांचे संच रंगवले जात. साधारण सोळा चित्रांचा एक संच. प्रत्येक चित्रात वडील, आई आणि मूल, आणि खाली जणू बेरीज : स्पॅनिश पुरुष आणि स्थानिक स्त्री यांचे मूल अमुक, स्पॅनिश पुरुष आणि आफ्रिकी स्त्री यांचे मूल तमुक. मिगेल काब्रेरा या नामवंत चित्रकाराचा १७६३ चा संच प्रसिद्ध आहे. संचाच्या आरंभी रेशमी वस्त्रे, सुबक घर, शांत चेहरे, आणि संच पुढे सरकत जाईल तसे फाटके कपडे, भांडणे, उघडे पाय. रक्ताची घसरण आणि आयुष्याची घसरण एकच आहे, हे पाहणाऱ्याला न सांगता पटवून देण्याचे काम रंगांनी केले. मेक्सिकोतल्या रस्त्यावर माणसे इतकी नीट वेगळी कधीच नव्हती. चित्रांनी ती वेगळी करून दाखवली.

भारतात कंपनीच्या अधिकाऱ्यांनी स्थानिक चित्रकारांकडून जाती, धंदे आणि पोशाखांचे संच करून घेतले. त्यांना पुढे ‘कंपनी शैली’ म्हणू लागले. कलकत्त्यात बाल्थाझार सोल्व्हिन्स या फ्लेमिश चित्रकाराने १७९० च्या दशकात अडीचशे कोरीव चित्रांचा संग्रह काढला आणि त्यात माणसे जातींच्या क्रमाने लावली. कंपनी शैलीचे संच रंगवणारे स्थानिक कलावंत बहुधा मोगल किंवा दरबारी परंपरेत तयार झालेले होते. त्यांच्या हाताला बारकावा ठाऊक होता. गिऱ्हाईक बदलले तशी मागणी बदलली. मागची भिंत गेली, झाड गेले, सोबतची माणसे गेली, कागद कोरा राहिला आणि त्यावर एकटा माणूस हातात आपल्या धंद्याचे हत्यार घेऊन उभा राहिला. पार्श्वभूमी काढून टाकणे ही छोटी गोष्ट वाटेल, पण सगळी वर्गवारी तिच्यावर उभी आहे. माणूस शेतात उभा असेल तर तो शेतकरी दिसतो, बाजारात उभा असेल तर गिऱ्हाईक किंवा विक्रेता, मुलाला कडेवर घेतले असेल तर बाप. कोऱ्या कागदावर तो फक्त त्याची जात दिसतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. भिल्लांना ठरावीक साच्यात पाहणे वसाहतवाद्यांच्या आधीपासून होते. अठराव्या शतकात उत्तरेत आणि राजस्थानात रात्रीच्या शिकारीचे एक लोकप्रिय चित्र पुन्हा पुन्हा रंगवले गेले. पानांचे वस्त्र नेसलेले भिल्ल जोडपे, हातात उजेड, समोर भुललेली हरणे. ते चित्र सुंदर आहे आणि साचेबंदही आहे. दरबाराला जंगलातला माणूस असाच हवा होता. तरीही या दोन साच्यांत मोठे अंतर आहे. दरबारी चित्रावरून कोणी पोलीस ठाणे कुठे बसवायचे ते ठरवले नाही. पुढच्या, वसाहतकाळातल्या चित्रांच्या शेजारी मात्र बंदोबस्ताचे कागद होते.

खानदेशात ते कागद लवकर सुरू झाले. कंपनीने प्रदेश घेतला तेव्हा डोंगर तिच्या हाती नव्हते. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या धोरणानुसार १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या आणि कंपनीचा लष्करी अधिकारी जेम्स आउट्रॅम याने धरणगावच्या बाजूला भिल्ल कोअर उभी केली. नंदुरबार, सुलतानपूर हा भाग वायव्य एजन्सीकडे आला. डोंगरातल्या नाईकांना पगार, शेतीला तगाई, तरुणांना गणवेश आणि न ऐकणाऱ्यांना शिक्षा, असा हा कारभार होता. त्यासाठी कोण कुठला, कोण कोणाचा, हे ओळखता यायला हवे होते. कॅप्टन ग्रॅहॅमचा खानदेशातल्या भिल्लांवरचा अहवाल १८५६ मध्ये मुंबई सरकारच्या निवडक कागदपत्रांत छापला गेला. १८८० च्या खानदेश गॅझेटियरने मैदानी भिल्ल, डोंगरी व रानातले भिल्ल आणि मिश्र जमाती असे भाग पाडले आणि पावरा, मावची, तडवी, भिलाला यांना त्या खणांत बसवले. वर्णनाची भाषा पाहा. रंग, उंची, नाक, केस, स्वभाव, दारू, प्रामाणिकपणा हे सारे एका परिच्छेदात, एकाच सुरात येते. नाकाची ठेवण जशी निरीक्षणाने सांगता येते तसा स्वभावही सांगता येतो, असा तो सूर आहे. ही वर्णने वाचली की चित्रांना आवाज फुटतो, आणि चित्रे पाहिली की वर्णने खरी वाटू लागतात. दोघांनी एकमेकांना पुरावा पुरवला.

मुंबई इलाख्यात या कामातले महत्त्वाचे पुस्तक विल्यम जॉन्सनचे. तो सरकारी नोकरीतून छायाचित्रणाकडे वळला होता. मुंबईतल्या रहिवाशांच्या आणि तिथे येणाऱ्या लोकांच्या ‘वंशां’विषयीचे त्याचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये लंडनला निघाले. त्यातली छायाचित्रे दिसतात तशी एका जागी घेतलेली नाहीत. माणसांचे छायाचित्र वेगळे काढायचे, आकृत्या कापून घ्यायच्या आणि दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवायच्या, असे ते तंत्र होते. यंत्राने काढलेले म्हणून जे निर्विवाद खरे मानले गेले, ते प्रत्यक्षात चित्रकाराच्या रचनेचे काम होते. कोणत्या माणसामागे देऊळ ठेवायचे आणि कोणामागे झाडी, हे जॉन्सनने ठरवले.

मग सरकारनेच हे काम हाती घेतले. ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात फोर्ब्स वॉटसन आणि जॉन के यांच्या संपादनाखाली निघाला. त्यात ४६८ छायाचित्रे आहेत. गव्हर्नर जनरल कॅनिंगच्या खासगी हौसेतून सुरू झालेला संग्रह १८५७ नंतर सरकारी गरज बनला. कोणत्या जमातीवर विश्वास ठेवावा आणि कोणत्या जमातीवर नजर ठेवावी, हे मजकुरातून सुचवले जात होते.

या ग्रंथाच्या संदर्भातली सर सय्यद अहमद खान यांची हकीकत वाचण्यासारखी आहे. १८६९ मध्ये ते मुलासह लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये असताना तिथे हा ग्रंथ होता. तिथल्या एका इंग्रज तरुणाने मुलाला, सय्यद महमूद यांना, तू हिंदुस्थानी का, असे विचारले. त्यांनी हो म्हटले, पण चेहरा शरमेने लाल झाला आणि आपले पूर्वज परदेशातून आले, आपण इथल्या मूळ रहिवाशांपैकी नाही, असा खुलासा त्यांनी घाईघाईने केला. सर सय्यद यांनी ही गोष्ट दुःखाने लिहून ठेवली आहे. तिच्यातला दुसरा पदर आम्हाला अधिक अस्वस्थ करतो. पुस्तकाने ज्यांचा अपमान केला त्यांतला शिकलेला माणूस पुस्तक नाकारत नाही, त्यातली आपली पायरी वर सरकवून घेतो. मग सर्वांत खालच्या पायरीवर उरतो तो भिल्ल, गोंड, संथाळ. त्याला असा खुलासा करण्याची सोय नव्हती आणि त्याला कोणी काही विचारतही नव्हते.

छायाचित्र आल्यावर कुंचल्याचे काम संपले, असा आपला समज असतो. तसे झाले नाही, कारण त्या काळच्या कॅमेऱ्याला रंग टिपता येत नव्हता आणि वंशाच्या अभ्यासकांना नेमका रंगच हवा होता. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल ब्रोका याने त्वचेच्या आणि केसांच्या ३४ छटांचा तक्ता तयार केला. माणसाच्या कातडीशेजारी तक्ता धरायचा, जुळणारी छटा शोधायची आणि क्रमांक लिहायचा. चित्रकाराची रंगपेटी अशी मोजपट्टी बनली. १८६९ मध्ये लंडनच्या लॅम्प्रीने दोन इंची चौकटींची दोऱ्यांची जाळी सुचवली. तिच्यापुढे विवस्त्र माणूस उभा करून छायाचित्र घ्यायचे, म्हणजे देहाचे प्रमाण मोजता येते. चित्रशाळेत विद्यार्थी प्रमाण साधण्यासाठी जाळी वापरतात, तीच इथे उलट वापरली गेली. त्याआधी १८५४ मध्ये मुंबईत उतरलेल्या श्लागिंटवाइट बंधूंनी तर भारतात फिरून जिवंत माणसांच्या चेहऱ्यांचे प्लास्टरचे साचे घेतले होते. डोळे मिटून, श्वास सांभाळत, ओले प्लास्टर चेहऱ्यावर सुकेपर्यंत पडून राहायचे. त्यातल्या किती जणांनी राजीखुशीने संमती दिली असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

या मार्गाचा शेवट हर्बर्ट रिस्ले या इंग्रज सनदी अधिकाऱ्यापाशी झाला. नाकाच्या रुंदीला शंभरने गुणून उंचीने भागायचे, आलेला आकडा म्हणजे नासिकांक. माणसाचा सामाजिक दर्जा नाकाच्या रुंदीच्या उलट प्रमाणात असतो, असे विधान त्याने केले आणि १९०१ च्या जनगणनेला जातींची उतरंड दिली. मराठे आणि कुणबी यांना त्याने ‘स्कायथो-द्रविड’ ठरवले. मुंबई इलाख्यातली अशी पाहणी एन्थोवेन या सनदी अधिकाऱ्याकडे होती. त्याचे जाती-जमातींवरचे तीन खंड १९२० ते १९२२ मध्ये निघाले.

या शास्त्राची पडझड करण्यात महाराष्ट्राच्या तीन विद्वानांचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात रिस्लेचीच मोजमापे पुन्हा तपासली. उत्तर हिंदुस्थानचा एक पट्टा सोडला तर जातीचा दर्जा आणि नाकाचा आकडा यांचा मेळ बसत नाही, मुंबई इलाख्यात तर नाहीच, हे त्यांनी दाखवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमाविषयी लिहिताना घुर्यांचे हेच आकडे घेतले आणि अस्पृश्य हा वेगळा वंश आहे, हा सिद्धान्त खोडून काढला. मोजणाऱ्यांच्याच वहीतून त्यांनी मोजणीचा निकाल फिरवला. तिसऱ्या इरावती कर्वे. १९२७ ते १९३० या काळात बर्लिनला त्या ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करत होत्या. युरोपीय माणसाची कवटी अधिक असमान असते आणि त्यात त्याच्या बुद्धीचे गमक आहे, हा गुरूंचा तर्क होता. कर्व्यांनी कवट्या मोजल्या आणि तसे काही आढळत नाही, असे प्रबंधात लिहिले. हे फिशर पुढे नाझी वंशशास्त्राचे मोठे नाव ठरले. परक्या देशात, मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष मांडणारी ती विद्यार्थिनी आजही आदर वाटावा अशी आहे. त्याच कर्व्यांनी पुढे पश्चिम खानदेशातल्या, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारच्या भिल्लांवर अभ्यास प्रसिद्ध केला. मोजपट्टी त्यांनीही सोडली नव्हती, हे खरे. पण त्यांच्या लेखनात नाती, लग्ने, जमीन, कर्ज हे विषय आले आणि भिल्ल माणूस कोऱ्या कागदावरून पुन्हा आपल्या गावात आला. १९७२ मध्ये जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखवले की मानवजातीतल्या जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकाच लोकसमूहाच्या आत असते. शास्त्रापुरता प्रश्न तिथे मिटला.

चित्रापुरता मिटला नाही. इथे महादेव विश्वनाथ धुरंधरांचा उल्लेख टाळता येत नाही. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले आणि तिथेच आयुष्य वेचलेले हे थोर चित्रकार. सनदी अधिकारी ओटो रॉथफेल्ड याच्या १९२० च्या ‘वुमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी त्यांनी रंगीत चित्रे काढली. प्रांत, जात, जमात यांनुसार स्त्रिया दाखवणारे ते पुस्तक आहे, म्हणजे चौकट जुनीच. धुरंधरांची रेषा मात्र त्या चौकटीत मावत नाही. त्यांच्या स्त्रिया चालतात, वळून पाहतात, पदर सावरतात. निरीक्षणात जिव्हाळा आहे. तरी चित्राखाली नाव छापायची वेळ आली तेव्हा समाजाचेच नाव छापले गेले. कलावंताची माया चांगली असूनही पुरेशी ठरत नाही, ती यासाठी. चित्र कोणाच्या यादीत बसणार, हे चित्रकाराच्या हाती नसते.

स्वातंत्र्यानंतर या याद्यांचे काय झाले? राज्यघटनेने त्या हाती घेतल्या आणि त्यांचा हेतू उलटा केला. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत भिल्लांच्या नोंदीतच तडवी भिल्ल, भिलाला, पावरा, वसावा, वसावे ही नावे आहेत, तर गामित, गावित, मावची, पाडवी यांची नोंद वेगळी आहे. जे नाव एकेकाळी नजर ठेवण्यासाठी लिहिले गेले, त्याच नावावर आज नंदुरबारची मुले आश्रमशाळेत, वैद्यकीय महाविद्यालयात आणि विधानसभेत जातात. म्हणून वर्गवारी सरसकट फेकून द्या, असे म्हणणे सोपे असले तरी अन्यायाचे होईल.

पण जुना अल्बम कुठे कुठे डोके वर काढतो, ते पाहायला हवे. जमातीचा दाखला तपासणाऱ्या समित्यांना १९९४ च्या माधुरी पाटील प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कार्यपद्धती घालून दिली. त्यात अर्जदाराच्या मानववंशीय वैशिष्ट्यांची, देवदेवता, विवाहविधी, अंत्यविधी यांची चौकशी आली. यातूनच ‘आप्तभाव चाचणी’ रूढ झाली. खोट्या दाखल्यांवर आदिवासींच्या जागा बळकावल्या जातात, हा नंदुरबारचा खरा आणि जुना संताप आहे, आणि तपासणी कडक हवी याबद्दल आमच्या मनात शंका नाही. प्रश्न कसोटीचा आहे. शहरात वाढलेल्या, इंग्रजी शाळेत शिकलेल्या वसावे किंवा पाडवी आडनावाच्या मुलीने आपल्या पणजोबांचे विधी तोंडपाठ सांगितले तरच ती आदिवासी, अशी अपेक्षा असेल, तर ती जमातीने कायम १८८० च्या वर्णनात राहावे अशी अपेक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात ही चाचणी अंतिम कसोटी नव्हे, असे स्पष्ट केले. महसुली आणि शाळेच्या जुन्या नोंदींना अधिक वजन देणे, हेच खोटे दावेदार रोखण्याचेही अधिक खात्रीचे साधन आहे.

दुसरी जागा आपली, म्हणजे वर्तमानपत्रांची. दर होळीला अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला छायाचित्रकारांची गर्दी होते. व्रत पाळून, अंगावर राखेचे ठिपके काढून, मोरपिसांचा टोप घालून ‘बुध्या’ म्हणवणारे नर्तक नाचतात. हा देह त्यांनी स्वतः रंगवलेला असतो, त्यातल्या प्रत्येक खुणेला नवसाचा आणि नियमाचा अर्थ असतो. दुसऱ्या दिवशी छापलेल्या चित्राखाली मात्र ‘पारंपरिक वेशातील आदिवासी बांधव’ एवढेच असते. त्याच अंकात मंत्र्यांच्या दौऱ्याच्या छायाचित्राखाली डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावे असतात. हे आपण कोणत्या द्वेषातून करत नाही. सवयीने करतो, आणि सवय कुठून आली ते वर सांगितले आहे. शहाद्याचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांनी आपल्याबद्दल दुसऱ्यांनीच बोलत राहण्याची वेदना ‘स्टेज’ या कवितेत मांडली, त्याला कित्येक वर्षे लोटली. चित्रांपर्यंत ती अजून पोचलेली नाही.

यावर काम करता येते. कॅनडाच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागाराने २००२ पासून ‘प्रोजेक्ट नेमिंग’ हा उपक्रम चालवला आहे. सरकारी संग्रहातली इन्युइट लोकांची बिननावाची छायाचित्रे गावोगावी नेऊन वृद्धांना दाखवायची, त्यांनी ओळखलेल्या माणसांची नावे नोंदवायची आणि मूळ संग्रहात ती घालायची, असे त्याचे स्वरूप आहे. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे संग्रहालय आहे, राज्याकडे पुराभिलेख विभाग आहे, विद्यापीठांकडे जुन्या पाहण्यांचे साहित्य आहे. १८६० च्या दशकातल्या चेहऱ्यांना आता कोणी ओळखणार नाही. पण १९५० नंतर पश्चिम खानदेशात झालेल्या पाहण्यांमधली, १९७० च्या दशकातल्या शहाद्याच्या भूमिहीनांच्या चळवळीतली आणि जुन्या आश्रमशाळांमधली छायाचित्रे ओळखणारी माणसे तळोदा, धडगाव, शहाद्यात अजून आहेत. त्यांतले बरेच जण ऐंशीच्या घरात आहेत, तेव्हा हे काम या वर्षीच्या अंदाजपत्रकात बसवावे, पुढच्या नव्हे. काठीच्या येत्या होळीपासून छायाचित्राखाली नाचणाऱ्याचे नाव आणि पाडा छापायला तर अंदाजपत्रकाचीही गरज नाही. छायाचित्रकाराने विचारायचे आणि उपसंपादकाने ते कापायचे नाही, एवढेच त्यासाठी लागते.